एका बेलला थांबायचं

प्रिय ठमे,

फोनवर माझी जीभ अडखळली की तू लगेच रडवेली होतेस, म्हणून लिहायला बसलेय. उजवा हात शाबूत आहे, तेवढं नशीब. अर्धांगाच्या झटक्यानंतर डावी बाजू मात्र अजून परक्यासारखीच वागते. तुला ठाऊक आहे, आधाराशिवाय उभी राहिले तरच मला माझ्या घरी एकटीनं राहू देणार, नाहीतर सोबतीला माणूस हवं. आणि माणूस म्हणजे तूच, दुसरं आहे कोण?

इथं दवाखान्यात व्यायामाच्या खोलीत एक फळी आहे. तिच्यावर उभं राहायचं. वजन डाव्या पायावर नीट आलं की यंत्र टिंग करतं. त्या पायाला जमिनीची जाणच उरली नाही ना, म्हणून पायाचं काम कानानं करायचं. ऐकायला सोपं आहे, पण तीन आठवडे माझी गाडी जागची हलेना. टिंग झालं की मी वजन काढूनच घ्यायचे. शिकवणारी पोरगी मेटाकुटीला आली. शेवटी मीच चिडून म्हटलं, अगं बाई, एक बेल झाली की थांबायचं असतं! अठ्ठावीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली. एक बेल थांब, दोन बेल चल. हाडात मुरलंय ते. ती पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी तिनं यंत्रात दोन टिंग करून घेतले, आणि काय सांगू, मी चाळीस सेकंद उभी राहिले!

चालत्या बसमध्ये मी कधी दांडी धरली नाही. ड्रायव्हरकाका मुद्दाम वळणावर गाडी हाणायचे, मला पाडायची त्यांची पैजच होती. पडले नाही. तू शाळेतून माझ्याच बसनं यायचीस आणि शेवटच्या दोन थांब्यांना माझ्या पोटाला डोकं टेकून झोपायचीस. तू जागी होऊ नयेस म्हणून मी जराही हलायची नाही. आता मला बाथरूमपर्यंत दोघी धरून नेतात. लाज वाटते गं, फार लाज वाटते.

आता खरं सांगते. रविवारी फोनवर म्हटलं, मी मिनिटभर उभी राहते, आणि तू आनंदानं ओरडलीस. ते खोटं नव्हतं. पण सोमवारी त्या पोरीनं आवाज बंद करून पाहिलं, कारण घरी कुठलं आलंय यंत्र. तिसऱ्या सेकंदाला मी कोसळले. तिनं झेललं नसतं तर डोकंच फुटलं असतं. काल तेच, आज तेच. आवाज असला की मला डावा पाय आहे, नसला की नाही. ती म्हणते, जमेल, पण वर्ष लागेल, कदाचित जास्तच. आणि तू माझ्या त्या एका मिनिटाच्या भरवशावर लांबच्या नोकरीला होकार कळवून बसलीस, शुक्रवारी निघणार. लेकीच्या पायात बेडी कशाला, म्हणून दोन दिवस तोंड दाबून गप्प बसले. फोनवर सांगायला गेले तर पुन्हा म्हणेन, खुशाल जा. म्हणून हे पत्र. इथली आयाबाई उद्या तुझ्याच गावी जातेय, तिच्या हाती देतेय. मला भीती वाटते, ठमे. एकटीच्या घरात पडून राहीन आणि कुणाला कळणारही नाही, याची भीती वाटते. आईनं हे मागू नये. तुझं किती नुकसान होईल ते कळूनही मागतेय. जाऊ नकोस.

तुझीच, वाट बघणारी
आई