दारावरचा आकडा

४ ऑगस्ट
उज्जैनला पोचलो. देवास गेटजवळ अलकाकाकूंकडे वरची खोली मिळाली. स्वच्छ आहे, उजेड भरपूर. काकूंनी गेल्या गेल्या पोहे-जलेबी पुढे ठेवली आणि एकटेच कसे, असं विचारलं. बायको एप्रिलमध्ये कॉलऱ्याने गेली, एवढंच सांगितलं. शेवटी मृणालने पाणी मागितलं तेव्हा मी सलाईनच्या रांगेत होतो, हे नाही सांगितलं. खूप दिवसांनी पोटभर खाल्लं.

५ ऑगस्ट
आरोग्य संस्थेच्या कॅम्पवर रुजू झालो. भैरवगढच्या पुढे कापड छापणाऱ्यांची वस्ती आहे, तिथे कॉलऱ्याची साथ. काम सोपं: घरोघरी क्लोरीनच्या गोळ्या आणि ओआरएसच्या पुड्या द्यायच्या, माणसं मोजायची, आकडा खडूने दारावर लिहायचा. डॉ. अश्विनी म्हणाल्या, लोक शिव्या देतील, मनावर घेऊ नका. दिल्याच. माणिक नावाच्या म्हाताऱ्या रंगाऱ्याने कोपरापर्यंत निळे हात पुढे करून विचारलं, ये गोली तुम खुद खाते हो क्या? सगळे हसले. मीही.

७ ऑगस्ट
तीन दारांवर माझ्याआधीच आकडे होते. प्रत्येकावर एक माणूस कमी. कुणाची तरी चूक असेल म्हणून तसेच ठेवले.

८ ऑगस्ट
त्या तिन्ही घरांतलं एकेक माणूस गेलं. आता आकडे बरोबर आहेत. वस्तीत म्हणतात, मीच लिहितो. आमच्या गाडीवर दगड आले. अश्विनीबाईंनी उद्यापासून कॅम्पवरच बसायला सांगितलंय.

९ ऑगस्ट
तरी गेलो. माणिकच्या घरात पाच माणसं, दारावर चार. सून पडून होती, डोळे खोल गेलेले. मी चार पुसून पाच लिहिलं. माणिकने माझं मनगट धरलं. आवाज न चढवता म्हणाला, "बाबूजी, अब आए तो तुम्हारा नंबर हम लिखेंगे."

१० ऑगस्ट
सून उठून बसली. पाचही जिवंत. म्हणजे लिहू ते होतं.

संध्याकाळी खोलीवर आलो तर माझ्या दारावर शून्य. माणिकला हे घर ठाऊकही नाही. पोटात कळ आली—

पुसलं. एक लिहायचं होतं. एक पुरे होतं.

दोन लिहिलं.

११ ऑगस्ट
कळ थांबली. आत कुणी पाणी मागतंय. आवाज मृणालचाच. भांडं दिलं. मग माठच—

दुपार
माठ संपला. काकूंचा हंडाही. डोळे खोल, एप्रिलमध्ये होते तसेच. बरी होत नाही, जातही नाही. नुसती पिते—

काकू वर डोकावून गेल्या. आता खालून त्याही पाणी मागतायत—

दोन पुसून एक लिहिलं तर— पण ती पुन्हा— खडू हातात आहे. उठता येत नाही. तिने मनगट धरलंय, फार गार. म्हणते, या वेळी रांगेत जाऊ नकोस, इथेच ब—