मार्था मावशींचे चोवीस खण

३ नोव्हें., सोम.
मोशीला परत येऊन बारा दिवस झाले. बॅग अजून अर्धी भरलेलीच. आई म्हणते, "कपडे कपाटात ठेव." ठेवले की परत काढावे लागतात.

समोरच्या मार्था मावशींकडे चहा. त्यांचे मिस्टर, आमचे काका, गेल्यापासून आज पहिल्यांदा नीट बसलो. (होळीच्या आधी गेले. मी तेव्हा हिमाचलात. फोनवर कळलं.) भिंतीवरचा खिळा तसाच आहे. दर डिसेंबरला काका त्या खिळ्याला काड्यापेट्यांची माळ लावायचे. चोवीस पेट्या. रोज एक उघडायची, संपल्या की नाताळ. त्यांना मूलबाळ नाही, त्यामुळे उघडायला मी. शाळेच्या आधी अनवाणी पळायचो समोर. लिमलेटची गोळी, फुटाणे, एकदा पितळी बटण.

माळ कुठंय विचारलं.
"उंदरांनी खाल्ली. बरंच झालं. यंदा गॅलरीत चांदणी नाही, करंज्या नाहीत. एकटीसाठी काय तळत बसू?"

तोंडातून निघून गेलं, मी लाकडाची करून देतो. उंदीर खाणार नाहीत. दरवर्षी तीच काढायची, तीच भरायची.

मावशींनी गॅलरीकडे बघितलं फक्त. तिथं मी केलेलं स्टूल आहे, दोन वर्षांपूर्वीचं. चौथा पाय राहिलाय. भिंतीला टेकवून कुंडी ठेवतात त्यावर.

८ नोव्हें., शनि.
लाकूड आणायला चाकणला गेलो. वाटेत मार्केट. कांद्याचा लिलाव चालू होता, म्हटलं पाच मिनिटं बघू. दोन तास! ढिगावरून ढिगावर घोळका सरकतो, एक जण ओरडतो, बाकीचे मान पण हलवत नाहीत आणि माल विकलेला. कोण कुणाला कशी खूण करतं तेच शोधत बसलो. नाही सापडलं.

घरी आलो तर पिशवीभर कांदे आणि सुतळीचा एक गुंडा.
आई, "हे लाकूड होय?"

११ नोव्हें., मंगळ.
आज आणलं. कंपन्यांत परदेशी मशिनं ज्या खोक्यांतून येतात, ती फोडून विकणारा एक म्हातारा आहे. पाइनच्या फळ्या, वासच भारी.
"शिक्का बघून घ्या. भाजलेलं लाकूड न्या. औषध मारलेलं न्हाई न्यायचं, खायचं ठेवणार ना त्यात?"
"व्हय."
"बनवताय काय पण?"
सांगितलं. चोवीस खणांचं कपाट, रोज एकच उघडायचा.
"आन् बाकीचे?"
"बंद."
"कुलूप?"
"कुलूप नाही."
"मंग कोण थांबतंय राव!"



१४ नोव्हें., शुक्र.
हात भरलेत फोडांनी. खणांचे तुकडे कापून झाले, एकतीस. डिसेंबर म्हणजे एकतीस, यात विचार काय करायचा? काड्यापेट्या चोवीस होत्या हे मीच वर लिहिलंय, आणि करवत हातात आल्यावर मीच विसरलो.

पप्पा फर्स्ट शिफ्ट करून आले. सव्वीस वर्षं पार्ट तपासतात कंपनीत. मी आयटीआय अर्धवट सोडल्यापासून माझ्या कुठल्याच कामावर बोलत नाहीत. आज बूट न काढताच व्हर्निअर आणला, तीन तुकडे मोजले, तिन्ही वेगळे निघाले. ते जाऊ दे.
"किती नग?"
"एकतीस."
"बसवणार कशात? सहा पंचे तीस, एक उरतो. एकतीसला भागच जात नाही."

मावशींना विचारायला गेलो, एकतीस चालतील का. त्या हसल्या. नोव्हेंबरातलं पहिलं हसू.
"अरे, पंचवीसला बाळ जन्मलं. त्यानंतर वाट कसली बघायची?"

चोवीस. सहा ओळी, ओळीत चार. भाग जातो.
उरलेले सात मी गमने जोडून टाकले. आईने मोहरीला आणि जिऱ्याला दोन घेतले, बाकी पप्पांच्या स्क्रूंना. माझी एखादी वस्तू घरात वापरात आली, ही पहिलीच वेळ.

१९ नोव्हें., बुध.
गोकर्णाहून मित्राचा फोन, पक्याचा. "भावा, एक तारखेपासून सीझन. कॅफेत माणूस पाहिजे. तीसला निघ."
हो म्हणालो. मला नाही म्हणता येत नाही कुणाला.
म्हणजे एकोणतीसच्या आत कपाट. काम आज: शून्य. (कॅफेसमोरच्या झोपाळ्यांचे फोटो बघितले.)

२३ नोव्हें., रवि.
काल सगळं बसलं होतं. चोवीसच्या चोवीस खण लोण्यासारखे आत-बाहेर. म्हणून आनंदात रंग मारला, दोन हात. निळा, कडेला पिवळा. आज वाळला, आणि एकही खण आत जाईना. एकही!

पप्पा बघत होते. "रंगाची जाडी धरली नाहीस. दोन्ही बाजूंनी." आणि आत गेले. म्हटलं संपलं, आता हे पण स्टुलाशेजारी.

पंधरा मिनिटांनी पत्र्याची एक पट्टी घेऊन बाहेर आले, दोन्ही टोकं कानशीने घासलेली. "हे टोक फटीत गेलं पाहिजे. हे नाही गेलं पाहिजे. गो, नो-गो. डोळ्यावर भरवसा ठेवू नकोस."

जेवणापासून उन्हं उतरेपर्यंत दोघं पॉलिश पेपर घासत बसलो. पप्पांचं नाक निळं.
"आयटीआयला पहिल्या वर्षी घासायलाच शिकवतात."
"शिकवलं होतं."
"मग?"
"मग दुसरं वर्ष आलं."
हसले राव. पप्पा.

२८ नोव्हें., शुक्र.
झालं. पूर्ण. सुतळीच्या गाठींच्या मुठी, आकडे पप्पांच्या हातचे (कंपनीतल्यासारखे सरळसोट). मावशींच्या ट्रंकेवर ठेवलं, खिळ्याला पेललं नसतं.

मावशींनी एक खण उघडला, बंद केला. परत उघडला. चष्मा पुसला.

काय काय भरायचं ते बोलत होतो. मी म्हटलं, काकांच्या गोळ्या पाच तारखेलाच संपायच्या वाटतं. सहा नंबरच्या पेटीत कायम पेन्सिलीचा तुकडा असायचा. लई राग यायचा मला.

"संपायच्या कशाला? डबा भरलेला असायचा. सहा डिसेंबरला तुझी आई पांढरं नेसून पुतळ्याला वंदन करायला जायची. हे म्हणायचे, आज त्या घरात दुःख आहे, पोराला आपण गोड कसं द्यायचं? आज त्याच्या हातात लिहायचं काहीतरी द्यावं."

सगळे तुकडे मी चावून फेकून दिलेत. एकही नाही राहिलेला.

मग मावशींनी अट घातली. "मी एकटी नाही भरणार. एक, तीन, पाच असे तू भर, ते मी उघडीन. दोन, चार, सहा मी भरते, ते तू. रोज सकाळी आठला. आदल्या दिवशी डोकवायचं नाही."
"मावशी, मी तीसला चाललोय."
"मग जा की. माझे बंद राहतील." आणि चहा ओतला.

३० नोव्हें., रवि.
बॅग दाराशी. पक्याला सांगितलं, दोनला निघतो. दोन नंबरमध्ये काय आहे तेवढं बघतो.

१ डिसें., सोम.
मावशींनी पहिला खण उघडला. मी ठेवलेला: एक स्क्रू.
"हे काय रे?"
"स्टुलाचा चौथा पाय. पाय मागून येतोय."
दुपारी बसवला. डुगडुगतं थोडं, पण कुंडी भिंतीपासून सुटली.

२ डिसें., मंगळ.
माझ्या खणात चिठ्ठी: 'खोबरं किसून दे.'
हा काय खाऊ आहे? किसलं. दोन वाट्या.

४ डिसें., गुरु.
चिठ्ठी: 'चांदणी माळ्यावर आहे. बल्ब तपास.' म्हणजे चांदणी आहे तर! गॅलरीत लावली. खोबरं कशाला होतं तेही कळलं, जिन्यापर्यंत तुपाचा वास. पहिल्या घाण्याच्या करंज्या फुटल्या, त्या मीच संपवल्या. पक्याला म्हटलं, सातला नक्की.

६ डिसें., शनि.
पहाटे आई, पप्पा, मी, पांढऱ्या कपड्यांत जाऊन आलो. रांग मोठी. आठला मावशींकडे.

खणात दोन पेन्सिली. एक नवी, टोक करून ठेवलेली. दुसरी बोटाएवढी, काका शब्दकोडं सोडवताना कानावर ठेवायचे ती. टोकाला दातांच्या खुणा. म्हणजे ते पण चावायचे.

हे त्याच बारक्या पेन्सिलीनं लिहितोय. जपून. कमी उरलीय.

९ डिसें., मंगळ.
पक्या चिडला. "भावा, सातची अकरा, अकराची तेरा. तू लग्नात अडकलायस का?"
म्हटलं, कपाटात. त्याला विनोद वाटला.

१३ डिसें., शनि.
पक्याचं शेवटचं: उद्याच्या गाडीत बस, नाहीतर तो दुसरा माणूस घेतो. बसतो म्हणालो. तिकीट काढलं. बॅग भरली, या वेळी पूर्ण. डायरी तेवढी वर.

दुपारी मावशींना सांगायला गेलो. त्यांनी माझ्यासमोरच चौदा नंबरचा खण आत ढकलला. मी कपाट जरासं हलवलं. खुळखुळलं. म्हणजे चिठ्ठी नाही.
"हात काढ."
"मावशी, उद्या मी नाही."
"बरं," म्हणाल्या, आणि सुतळीची गाठ सरळ केली.

पप्पा सेकंड शिफ्टला निघताना दारातून डोकावले. आत येऊन एक नंबरचा खण एकदा आत-बाहेर करून बघितला. "पुढच्या वर्षी रंग पातळ मार."
पुढच्या वर्षी कोण मारणार, विचारायच्या आत जिना उतरले.

बस सकाळी सातची. मावशी दार उघडतात आठला.