खिडकीतलं ताट

वैष्णवीचे बाबा,

मी माहेरी, धाड गावाले जाऊन राह्यली, भावाच्या नातीचं बारसं हाय. तुम्ही गाढ झोपले होते, म्हणून उठवलं नाही. उद्या सांजेला येतो.

भाजी-भाकर झाकून ठेवली हाय. ठेचा केला नाही, हुडकत बसू नका. ठेचा खाल्ला का तुमच्या पोटात आग पडते, मंग तुम्ही ते गुलाबी पातळ औषध पेता. डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं ना, त्यानं हिपॅटायटीस सीच्या गोळीचा असर कमी होते, विचारल्याबिगर घ्यायचं नाही. म्हणून ती शिशी मीच पिशवीत घालून नेली. तुमच्या जनका आत्यानं आणलेला झाडपाल्याचा काढाही ओतून देला. आत्या रागावल्या तर माझं नाव सांगा.

गोळी जेवल्यावर, रोजच्याच टायमाला घ्या. इसरली तर आठवल्याबरोबर घ्या, पण एका दिवशी दोन नाही. "आता मी चांगला हाय" म्हणून सोडायची तर मुळीच नाही. तोंडावर रंगत आली हाय, ते मलेही दिसते.

हा रोग रक्तातून पसरते, म्हणून दाढीचं ब्लेड तुमचं तुमच्यापाशीच राहू द्या. पण ताट काऊन वेगळं केलं? जेवणातून हा रोग पसरत नाही, हे डॉक्टरीणबाई तुमच्यासमोरच बोलल्या. तरी तुम्ही ते रोज धुऊन खिडकीत ठेवता, अन् वैष्णवी पाहत राह्यते.

निघायच्या आधी मी त्याच ताटात जेवली. मंग घासून मांडणीत सगळ्या ताटांत लावून देलं. आता तुमचं कोणतं, ते तुम्हालेही ओळखू येणार नाही.

वैष्णवीची आई