रिलीव्हर येईपर्यंत

४ फेब्रुवारी
झाले बाई एकदाची रुजू! बायकांचा वॉर्ड, दुसरा मजला, बारा खाटा, ड्यूटी सकाळी आठ ते दुपारी दोन. जुन्या ठिकाणी चाळीस पेशंटमागे मी एकटी, बसायला स्टूल नाही, बाथरूमला जायचीसुद्धा चोरी. इथे टेबलाला काच आहे, खुर्चीला गादी आहे, सलाईनचे स्टँड ढकलताना कुरकुरत नाहीत. मेट्रनबाईंनी दारातला फलक कौतुकाने दाखवला: कर्मचारी समाधान शंभर टक्के, दहा वर्षांत एकही राजीनामा नाही. मी म्हटलं, एवढं समाधान तर माहेरीही मिळत नाही हो. बाई हसल्या नाहीत.

हे सगळं भिंगरीमुळे. कॉलेजात माझ्यापुढे एक वर्ष होती, सारखी पळत असायची म्हणून भिंगरी. इथे माझं नाव तिनेच सुचवलं. दुपारच्या ड्यूटीला तीच असते, म्हणजे रोज दोनला तिच्या हाती वॉर्ड सोपवला की मी मोकळी. घरी येऊन धाकट्या बहिणीला सगळं रंगवून सांगितलं. तिची नर्सिंगची शेवटची परीक्षा झालीय, निकाल यायचाय. मलाही तिकडेच चिकटव म्हणाली. आई गेली तेव्हा ही नऊ वर्षांची होती, तेव्हापासून माझाच पदर धरून आहे. आधी पास तर हो, म्हटलं.

७ फेब्रुवारी
पेशंट गुणी आहेत. जरा जास्तच. कोणी कण्हत नाही, बेल वाजवत नाही, बोलतही नाही. बीपीचं मशीन घेऊन गेलं की सांगायच्या आधी बाही वर करून हात पुढे. सात नंबरच्या आजी चादरीचे कोपरे स्वतः दुमडतात, अगदी आम्हाला शिकवतात तसे. मी गमतीने विचारलं, काय आजी, ट्रेनिंग कुठे झालं? त्यांनी पुढचा कोपरा दुमडायला घेतला.

भिंगरी वीस मिनिटं उशिरा आली. दुपारची रिलीव्हर येऊन वहीत सही करत नाही तोवर वॉर्ड सोडायचा नाही, असा नियम आहे. तो सगळीकडेच असतो, त्यात नवल नाही.

११ फेब्रुवारी
काल ती चारला आली, आज सव्वापाचला. माझे पाय बोंबलताहेत. मी चांगलीच तापले, तर गळ्यात पडून रडायलाच लागली. मला माफ कर गं, अजून थोडेच दिवस, म्हणाली. झालं, मी विरघळले. माझा स्वभावच मेला तसा.

एक मात्र खटकतंय. आठ दिवसांत एकही डिस्चार्ज नाही, एकही नवा पेशंट नाही. केसपेपरवर आजाराची जागा कोरी. मेट्रनबाईंना विचारलं तर उलट मलाच म्हणाल्या, तुम्ही तक्रार करताय का? मी म्हटलं, छे हो. दुपारी सफाईच्या मावशींनी तेरावी खाट आणून लावली, कोरी करकरीत गादी घालून. कोण येणार म्हणून विचारलं, तर मान खाली घालून चालत्या झाल्या.

१४ फेब्रुवारी
भिंगरी आलीच नाही.

मोबाईल खाली लॉकरमध्ये, वॉर्डात आणायला बंदी. वॉर्डातला फोन फक्त मेट्रनबाईंना लागतो. त्या म्हणाल्या, तिची बदली झाली, यापुढे तुमची रिलीव्हर तुम्हीच सुचवायची. आणि ठेवला.

सहा वाजता म्हटलं, गेला तो नियम खड्ड्यात. पर्स उचलली, जिना उतरले, खालचं दार ढकललं. समोर माझाच वॉर्ड, तेरा खाटा. सात नंबरच्या आजी चादर दुमडत होत्या. तीनदा उतरले. तिन्ही वेळा इथेच.

घड्याळात नऊ वाजलेत. खिडकीत ऊन दुपारी दोनचं आहे.

१५ फेब्रुवारी असावी
टेबलाच्या खणात पत्रकांचा गठ्ठा सापडला. 'कर्मचारी समाधान पत्रक', नर्सने भरून खणातच ठेवायचं. शेवटचा प्रश्न असा: ही ड्यूटी आपण आपल्या जवळच्या कोणाला द्याल? भिंगरीच्या पत्रकावर माझं नाव. माझा पत्ता. आणि खाली तिच्या त्या गोल गोल अक्षरात, 'ही कुणाला नाही म्हणत नाही.'

केसाने गळा कापला मेलीने. तापाने फणफणली होती तेव्हा चार दिवस जिच्या उशाशी बसले, तिने. रडली होती ती खरंच रडली होती, हेच जास्त जिव्हारी लागलंय.

आजी आज पहिल्यांदा बोलल्या, अगदी पुटपुटल्यासारखं. म्हणाल्या, आम्ही बाराही जणी इथल्याच नर्सेस. ज्यांनी नाव लिहिलं त्या सुटल्या. आम्ही लिहिलं नाही. मग आधी पाय गेले, मग आवाज; माझा एवढाच उरलाय. तू लिहिलंस तर जिचं नाव ती येईल, वहीत सही करेल, आणि तू घरी जाशील. सांगताना त्यांना माझी कीव येत होती की हेवा वाटत होता, कळलं नाही.

मी लिहिणार नाही. सांगून ठेवते. नाही म्हणजे नाही.

तारीख माहीत नाही
तेराव्या खाटेवर गाऊन आणून ठेवलाय. माझ्या मापाचा.

गुडघ्याखाली काही कळत नाही. सुई टोचून पाहिली. रक्त आलं, दुखलं नाही.

धाकटी घरी एकटी. जेवली असेल का— मला शोधत असेल— दार नीट लावून झोपते का कोण जाणे—

नंतर
लिहिलं.

तिचं नाव लिहिलं. घाबरले होते, दुसरं नाव सुचेना— नाही. खोटं कशाला बोलू. सुचली होती की. चार-पाच नावं सुचली. पण त्यातली माझ्यासाठी धावत येईल अशी कोणी नव्हती. ही येणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून हिचं.

लगेच फाडायला खण उघडला. रिकामा. फोन केला, ओरडले, पाया पडते म्हटलं. मेट्रनबाई म्हणाल्या, आभारी आहोत.

पायांना मुंग्या येताहेत. बोटं हलली. आणि मला आनंद झाला, थू आहे माझ्यावर, आनंद झाला—

जिन्यात चपला
तिच्याच. दोन दोन पायऱ्या—

आली. नवा कोरा युनिफॉर्म. निकाल लागला म्हणतेय, पहिली आलेय म्हणतेय. इतके दिवस घरी का नाही आलीस गं ताई, म्हणून रडतेय. हॉस्पिटलचं पत्र मिळालं तशी निघाले म्हणतेय. तू आता घरी जा, झोप काढ, मी आहे ना—

मी लिहीतच बसलेय. मान वर करायला नको म्हणून.

पळ म्हणायचं. एवढंच. एक शब्द. आवाज आहे माझा, गेलेला नाही, आहे— तरी—

बाराही जणी उठून बसल्यात. माझ्याकडे बघताहेत.

तिने वहीसुद्धा उघडली. सही कुठे करू विचारतेय. पेन घाईत घरी राहिलं तिचं. अख्ख्या वॉर्डात हे एकच, माझ्या हातातलं. दे ना ताई, म्हणतेय. हसतेय. हात पुढे केलाय, आणि मी