बाबांचं ‘नाही’

लॉरेल ओढा, केंटकी
१४ ऑक्टोबर १९७३

प्रिय ऑर्विल,

तू आणि मार्था मजेत असाल. इकडे शेंगा दोऱ्यात ओवून वाळवल्या, सफरचंदाचा मुरांबा बरण्यांत भरून झाला. बाबांचा खोकला आहेच. खाणीतली धूळ छातीतून हलायचं नाव घेत नाही.

मंगळवारी त्यांना दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर नवा, शहरातला. “आजोबा, छातीत दुखतं का?” बाबा म्हणाले, “नाही दुखत कधी नाही.” डॉक्टरचं पेन थांबलं. “म्हणजे दुखतं की नाही दुखत?” बाबा टोपी मांडीवर फिरवत बसले. नर्स पलीकडच्या खोऱ्यातली. ती म्हणाली, “डॉक्टर, दोनदा नाही म्हणाले ना? म्हणजे अजिबात नाही. आमच्याकडे एका ‘नाही’वर भागत नाही.”

त्यांना असं ओशाळलेलं आपण दोघांनी आधी एकदा पाहिलंय. मार्थाला तू पहिल्यांदा घरी आणलंस तेव्हा. बाबा तिला म्हणाले, “या घरात तुला परकं नाही मानणार कुणी नाही.” तू हसलास. “बाबा, दोन ‘नाहीं’चा एक ‘हो’ होतो. म्हणजे परकंच मानणार!” मार्था हसली. मीही हसले, ऑर्विल. बाबा भरल्या ताटावरून उठले. मग अंगणात तू त्यांना “आधी नीट बोलायला शिका” म्हणालास, आणि ते तुला “चालता हो” म्हणाले. सहा वर्षं झाली.

आता मुद्द्याचं लिहिते. मघापासून टाळतेय.

इस्टरला तुला बाबांच्या नावानं पाठवलेलं पत्र मी माझ्या मनानं लिहिलं नव्हतं. बाबांना सहीपलीकडे लिहिता येत नाही. ते सांगत होते, मी लिहीत होते. पण तू कॉलेजात असताना माझी पत्रं लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवायचास, त्याची धास्ती हाताला अजून आहे. म्हणून मी त्यांचं बोलणं शुद्ध करून लिहिलं: “माझी तुझ्याविषयी कोणतीही तक्रार नाही.” तू उलट टपाली कळवलंस, “हे बाबांचं बोलणं नव्हे. डेल्फिया, उगाच मध्यस्थी करू नकोस.” तुझंही बरोबरच होतं.

ते उत्तर मी पिठाच्या डब्यामागे लपवलं. बाबांना सांगितलं, काहीच आलं नाही. ते अजून टपालवाल्याची वाट बघतात.

त्यांनी सांगितलेलं, जसंच्या तसं, हे होतं: “लिही त्याला, नाही माझा त्याच्यावर राग नाही. कधीच नाही, कसलाच नाही. हे दार त्याला नाही बंद केलं कुणी नाही.”

लिहिताना मला हे व्याकरणात चुकलेलं वाटलं. तुला यात कुठे ‘हो’ दिसतो का, सांग.

बाबा समोरच बसलेत. “काय लिहिलंस एवढं? वाच की,” म्हणतात. आता त्यांना सगळं वाचून दाखवते, डब्यामागच्या पत्रासकट. मगच पाकीट चिकटवीन.

तुझी आणि बाबांचीही अपराधी,
डेल्फिया