किशनलाल शेठच्या ओट्यासमोर

३ डिसेंबर १९५६
लागलो नोकरीला! नगरपालिकेच्या गाडीतळाचा मुकादम. मोंढ्याच्या रस्त्यावर धान्य-कापसाची बैलगाडी सोडू द्यायची न्हाई, सगळ्या स्टेशनाकडच्या नव्या तळावर धाडायच्या. काका — काकासाहेब, नगरपालिकेत मेंबर — बजावून गेले, "कॉलेज मारामारी करून सोडलंस. इथं तरी हात उचलू नको."
त्याच रस्त्यावर किशनलाल शेठचं घर. खाली दुकान, बाजूला ओटा. दिवाळीत तिथंच मंजू दिसली होती, शेठची पोरगी. दोन गाड्यांच्या फटीतून. भाजी घेऊन राह्यली होती. माझ्या केसात कापूस अडकलेला — बघून हसली.
फटीतून एवढं! रस्ता मोकळा झाला म्हणजे?

५ डिसेंबर
पहिला तोच ओटा मोकळा केला. आष्टीचा रामराव हलेना. "माझा बाप इथंच बैलं सोडायचा." मी जू धरून ओढलं. बैलं बुजली. "ओ कॉलेजवाले! त्यांना शाळा न्हाई शिकवलेली!" सगळा बाजार हसला. हात शिवशिवला. उचलला न्हाई.

८ डिसेंबर
रस्ता साफ. मंजू न्हाई.

९ डिसेंबर
आजबी न्हाई.

१२ डिसेंबर
शेठनं बोलावून चहा पाजला. "ऐसा लडका चाहिए! आता दुकान दुरून दिसून राह्यलं." माझी नोकरी पक्की करा म्हणून काकांना सांगणार. मी ओट्याकडं बघून राह्यलो. दार बंद! आजारी आहे? लग्न ठरलं? की मलाच टाळते?

१५ डिसेंबर
तुळजाबाई भाजीवालीला विचारलंच — शेठकडं कुणी आजारी आहे का?
"आजारी कशाच्या! गाड्यांच्या आडोशाला यायच्या मंजूताई अन् वहिन्या. घडीभर हसायच्या, भाव करायच्या. आता समोर अख्खा मोंढा! शेठनं आतून कडी लावायला सांगितली. तूच केलंस हे, मुकादम. माझी टोपलीबी तशीच माघारी जाऊन राह्यली."
मीच! माझ्या हातानं!

१६ डिसेंबर
काकांना म्हणलो, तिथं एका गाडीपुरती जागा ठेवू.
"येडा झालास? शेठ तुझी शिफारस करून राह्यला अन् तू त्याच्याच दारात गाडी लावतो? का पण?"
का, ते काय सांगू!
"लावलीस तर नोकरी गेली समज."

१८ डिसेंबर
तळावर जाऊन रामरावला हात जोडले. जुन्या जागी गाडी सोडा.
"मंग त्या दिवशी बैलं कशाला बुजवली?"
बोलला, पण आला. कडब्यानं भरलेली गाडी, पेंढ्या पार माडीला लागलेल्या. बराबर ओट्यासमोर लावली. शेठ ओरडत बाहेर. मागून काका. मी म्हणलो, माझ्या हुकुमानं लावली. बिल्ला काढून काकांच्या हातात दिला. काका तो खिशात घालून, पाठ फिरवून गेले. ते जास्त लागलं.

१९ डिसेंबर
बिनकामाचा मोंढ्यात गेल्तो. गाडी तिथंच. रामराव मुद्दाम हलेना. "काय मुकादम, बिल्ला गेला म्हणं!" — एवढ्या मोठ्यानं, की सगळ्यांनी वळून बघितलं. कडब्यापलीकडं बांगड्या वाजत होत्या, तुळजाबाई भाव सांगत होती. दिसत काहीच न्हाई. खाली मान घालून निघालो.
मंग पलीकडून, हळूच —
"मुकादम, केसातला कापूस निघाला का?"