ताशाला हात लावायचा नाही

प्रणितदादा,

ताशाच्या मशीनचा कॉम्प्रेसर मी बंद केलाय आणि व्हॉल्व चालवणारं सर्किट बरोबर घेऊन चाललेय. म्हणजे तुला पुन्हा हुशारी सुचायला नको.

बाबांचा उजवा हात लुळा पडायच्या आधी मी त्यांना रबरी पॅडवर वाजवायला बसवलं होतं. त्यांचा एकेक ठोका कॉम्प्युटरवर मिडी फाईलमध्ये जसाच्या तसा होता. हवेच्या दाबानं काड्या हलाव्यात आणि तोच ठोका ताशावर पडावा, म्हणून तर ही सगळी खटपट केली. आणि काल तू त्या बेंजोवाल्याचं ऐकून एक बटण दाबलंस, सगळे ठोके घड्याळाच्या टिकटिकीसारखे सरळ करून टाकलेस, वर जुन्या फाईलवरच सेव्ह केलंस! म्हणे "मागेपुढे होत होते." अरे, बाबा शेवटची काडी जरा उशिरा टाकायचे, त्यासाठीच तर हळदीत म्हाताऱ्या उठून नाचायच्या. लहानपणापासून ऐकतोयस ना?

ठोके भरताना मदतीला होती त्या महेककडे जुनी फाईल राहिलीय का बघायला खारघरला जातेय. नसली, तर संध्याकाळी हरेशच्या हळदीत तूच तोंड दाखव. मी येणार नाही.

बोंबलाचं कालवण गरम करून बाबांना भरव. भात मऊ कालव.

सकाळी मी त्यांना ताशा ऐकवला. आधी खुशीत मान हलवली, मग थांबले. म्हणाले, "कोन वाजवतो ह्यो? माजा हात नाय ह्यो."

मी तुझं नाव सांगितलं.

दिपिका